बिल्डिंगमधला माणूस

रविवारी टँकर यायच्या आधी मोरेश्वर अपार्टमेंटच्या गेटपाशी हंडे-बादल्यांची रांग लावून जी मंडळी बसायची, त्यांना पैज लावायला कारण लागायचं नाही. टँकर फुलपाड्याच्या नाक्याकडून येईल की जीवदानीच्या रस्त्याने, ड्रायव्हर जुना असेल की नवा, तिसऱ्या मजल्यावरची शकू आज कुणाशी भांडेल, कशावरही पैज. आणि हरणाऱ्याने काय करायचं, ते ठरवायचा दिनानाथ चुरी. त्या बाबतीत त्याचं डोकं असं चालायचं की विचारू नका. मागे एकदा व्हिन्सेंट सर हरले, तर दिनानाथने त्यांना गेटवर उभं केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लावलं, ‘मी गाढव आहे, तुमचं काय चाललंय?’ सर शाळेत गणित शिकवायचे. तरी विचारलं त्यांनी. एक पोस्टमन म्हणाला, ‘आमचंही तसंच.’

बिल्डिंगमध्ये लोक मेंटेनन्स थकवायचे, जिन्यात कचरा टाकायचे, वर्गणी द्यायची म्हटली की गावाला जायचे. पैज मात्र आजवर कुणी बुडवली नव्हती. एवढा एक कायदा तिथे चालायचा.

सत्त्याण्णव सालातला तो रविवार. व्हिन्सेंट सर पेपर घेऊन बसले होते. मोठ्याने वाचायची त्यांना सवय.

“ही बघा बातमी. ‘एचआयव्हीची लागण झालेल्या कामगाराला कामावर परत घ्या, हायकोर्टाचा सरकारी कंपनीला आदेश.’ अकरा वर्षं टेंपो चालवत होता म्हणे. पर्मनंट करायच्या वेळी रक्त तपासलं आणि काढून टाकला. कोर्ट म्हणतं, माणूस कामाला तंदुरुस्त आहे ना, मग नुसत्या या कारणावरून काढता येणार नाही. नाव गुप्त ठेवलंय.” सरांनी चष्मा वर केला. “आणि खाली लिहिलंय, सदर इसम विरारला राहतो.”

“घ्या! म्हणजे नाव लपवलं आणि पत्ता सांगितला,” शकू म्हणाली.

“विरार काय लहान आहे?” हे रेडकर. सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेत हेडक्लार्क, रविवारीही शर्ट इन करून टँकरला येणारे. “असले लोक तिकडे कुठेतरी चाळीत-बिळीत असतात. आपल्या बिल्डिंगमध्ये सगळे फॅमिलीवाले.”

“का हो रेडकर, फॅमिलीवाल्यांना रक्त नसतं?” दिनानाथ म्हणाला.

“तसं नाही रे. पण आपल्यात असा माणूस असणं शक्यच नाही.”

तिथे गप्प बसायचं होतं. दुसरा कुणी बसला असता. पण दिनानाथची जीभ म्हणजे उतारावरची हातगाडी, एकदा सुटली की सुटली.

“शक्य नाही? मी म्हणतो तो आपल्याच बिल्डिंगमधला आहे.”

“कोण?”

“कोण म्हणजे? मीच!”

काय हसले लोक! शकूच्या हातातली कळशी गडगडत गटारापर्यंत गेली. व्हिन्सेंट सरांना ठसका लागला. “टेंपो तर चालवतोच हा,” कुणीतरी म्हणालं, तशी आणखी हसली मंडळी. रेडकरसुद्धा पोट धरून हसले, आणि ते वर्षातून एकदा हसायचे.

“लागली पैज,” रेडकर म्हणाले. “तो आपल्या बिल्डिंगमधला निघाला तर सांगाल ते करतो.”

“बायकोचा गाऊन घालायचा, वर ओढणी घ्यायची, आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरात डोक्यावरून हंडाभर पाणी नेऊन द्यायचं. दारात नाही हां, आत, मोरीपर्यंत.”

“आणि नाही निघाला तर तू.”

“मी तर नऊवारी नेसून देईन. गाऊनमध्ये काय मजा?”

टाळ्या पडल्या, सर साक्षीदार झाले. मग टँकर आला आणि सगळे एकमेकांना ढकलायला लागले.

दिनानाथ दोन हंडे घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढला तेव्हा संपदा पोळ्या लाटत होती. गॅलरीतून तिने सगळं ऐकलं होतं. तिने लाटणं थांबवलं नाही, वरही बघितलं नाही.

“तुम्हाला खाज आहे का हो अंगात?”

“अगं, पाकीटमार कसा असतो? सगळ्यात मोठ्याने ‘पकडा, पकडा’ तोच ओरडतो. आता बिल्डिंगमध्ये शंभर जणांवर संशय घेतील, माझ्यावर नाही.”

“आणि घेतला तर?”

तो हंडे मोरीत ठेवायला गेला.

कारण तो इसम दिनानाथच होता. पेपरात वाचलेला, नाव नसलेला, विरारचा.

दोन वर्षं झाली होती. कंपनीच्या डॉक्टरने कागदावर ‘अनफिट’ असा शिक्का मारला त्या दिवशी त्याने टेंपोत पोती चढवून-उतरवून दोन फेऱ्या केल्या होत्या. गेटवरच्या वॉचमनला सांगून टाकलं होतं, उद्यापासून याला आत सोडू नका. बिल्डिंगमध्ये त्याने सांगितलं, ‘मॅनेजमेंटशी राडा झाला, बदली कामगार करून टाकलंय, बोलावतील तेव्हा जायचं.’ राडा म्हटल्यावर लोकांना लगेच पटलं, कारण दिनानाथ आणि राडा हे काही नवीन नव्हतं. संपदाची तपासणी झाली, तिला काही नव्हतं. तिने गॅसची दुसरी शेगडी घेतली आणि पोळीभाजीचे डबे सुरू केले. फुलपाड्यात एकेकटे राहणारे, नोकरी करणाऱ्या बायका, म्हातारी जोडपी. शकू यायची तिला पोळ्या लाटायला. दोन वर्षं घर त्या डब्यांवर चाललं होतं. नाव फुटलं तर दुसऱ्या दिवशी एकही डबा जाणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “आपण आधी नाव लपवायची परवानगी मागू. नाहीतर तुम्ही केस जिंकाल आणि बाकी सगळं हराल.” कोर्टाने ते मान्य केलं. कागदावर नावाऐवजी नुसती अक्षरं. तारखेला दिनानाथ मागच्या बाकावर बसायचा, स्वतःविषयी ऐकायचा. कंपनीचा वकील उभा राहून म्हणायचा, या माणसापासून इतरांना धोका आहे, आणि ‘या माणसाच्या’ शेजारी बसलेला कुणीतरी अनोळखी अशील त्यालाच विचारायचा, “तुमची केस कितवी हो?” एकदा जज्जसाहेबांनी विचारलं की अर्जदार सध्या पोट कसं भरतो, तर दिनानाथ उठून सांगायलाच निघाला होता. वकीलबाईंच्या ज्युनिअरने त्याची पँट धरून खाली बसवला.

पण एक गोष्ट त्याने संपदाला पुन्हा पुन्हा सांगितली. त्या कोर्टात एवढे कागद झाले, एवढं बोलणं झालं, पण आजार कुठून आला हे जज्जनी एकदाही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की टेंपो चालवता येतो का.

निकाल लागल्यावर कंपनीने त्याला बुधवारी हजर व्हायला सांगितलं. आणि मंगळवारी संध्याकाळी बेसिल आला.

बेसिल म्हणजे युनियनचा सेक्रेटरी. वसईकडचा, गास गावचा. केळीची वाडी सांभाळून कंपनीत नोकरी करायचा. दिनानाथला काय झालंय हे कंपनीत ज्या चार लोकांना माहीत होतं त्यात तो. आजार कळल्यावर त्याने दिनानाथला घरी नेऊन आईच्या हातचं जेवू घातलं होतं, आणि वकीलबाई शोधल्या होत्या त्याही त्यानेच. अशा माणसाला शिव्या कशा द्यायच्या, हाच प्रश्न होता.

युनियनची रीत अशी, की मॅनेजमेंटने काढलेला माणूस परत कामावर निघाला की त्याला घरून वाजतगाजत आणायचं. गुलाल, हार, पेढे, कापडी बोर्ड. बेसिलने विचार केला, उद्या सकाळी ड्युटीच्या गडबडीत कुठे, आजच संध्याकाळी करून टाकू. आणि ढोल-ताशा मिळाला नाही म्हणून त्याने गावातल्या लग्नात वाजवणारा बँड आणला.

दिनानाथ दाढी करत होता. खाली तुतारीसारखं काहीतरी वाजलं. शकू जिन्यातून ओरडली, “दिनाभाऊ, तुमच्या नावाचा बोर्ड घेऊन आलेत लोक! तुम्ही काय इलेक्शनला उभे राहिलात का?”

तो अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून गॅलरीत आला. गेटच्या आत बँडवाले लाल कोट घालून नवरीच्या स्वागताची चाल वाजवत होते. दोघांनी बोर्ड धरला होता. ‘हायकोर्टात मॅनेजमेंटला नमवणारे आमचे लढाऊ साथी दिनानाथ चुरी यांचा विजय असो!’ आणि बेसिल दोन्ही हात वर करून नाचत होता.

संपदा मागे येऊन उभी राहिली. तिने बोर्ड वाचला आणि गॅलरीचा कठडा धरला.

दिनानाथ धावत खाली गेला, बेसिलला कडेला घेतला. “बेसिल, अरे नाव! नाव लपवलं होतं ना कोर्टाने!”

“ते पेपरवाल्यांपासून रे,” बेसिल म्हणाला. “आम्ही काय पेपरवाले आहोत? आम्ही तुझे.” मग जरा खालच्या आवाजात, “आणि आजाराचं कुठे लिहिलंय काय बोर्डावर? एवढी अक्कल आहे मला.”

असं म्हणून त्याने दिनानाथला गुलाल फासला. अर्ध्या गालावर साबण, अर्ध्या गालावर गुलाल.

आता सगळी बिल्डिंग खाली. रेडकर ऑफिसातून येत होते, ब्रीफकेस हातात. गर्दी बघून त्यांना सेक्रेटरी असल्याची आठवण झाली. पुढे झाले, दिनानाथच्या गळ्यात हार घातला, पाठ थोपटली. “आमच्या सोसायटीचं नाव मोठं केलंस.” दिनानाथने काय करावं? पेढ्यांचा खोका बेसिलने हातात दिलाच होता. त्याने एक पेढा रेडकरांच्या तोंडात घातला.

“पण केस कसली होती रे?” रेडकरांनी पेढा चघळत विचारलं.

“सर्व्हिस मॅटर,” दिनानाथ म्हणाला. “तुमच्या बँकेत चालतं तसंच.”

“वाचलं नाही काय पेपरात?” मागून कंपनीतला एक पोरगेलासा गडी म्हणाला. बातमी त्याने अर्धीच ऐकली होती, आजाराचं त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं आपण मदत करतोय. “रविवारच्या! अकरा वर्षं टेंपो चालवला, पर्मनंटच्या वेळी काढला, ती केस.”

बँड वाजतच होता. बँडवाल्यांना काय कळतंय. पण लोकांचे चेहरे एक-एक करून बदलत गेले, संध्याकाळी दुकानं शटर ओढतात तसे. व्हिन्सेंट सरांनी खाली बघितलं. शकूने तोंडावर पदर घेतला. आणि रेडकर! त्यांच्या तोंडात पेढा होता, दिनानाथच्या हातचा. गिळवेना आणि चारचौघांत थुंकवेना. गाल फुगवून तसेच उभे राहिले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. दिनानाथला वाईट वाटायच्या आधी हसू आलं. त्याचा इलाज नव्हता.

मग रेडकर वळले आणि घाईघाईने गटाराकडे गेले.

बुधवारी दिनानाथ कामावर हजर झाला. कंपनीने हुकूम पाळला. सही घेतली, किल्ली दिली, टेंपो दिला. कोर्टाने सांगितलं तेवढं सगळं केलं, त्याच्यापुढे एक बोटभर नाही. हमालांपैकी कुणी केबिनमध्ये शेजारी बसेना, सगळे मागे पोत्यांवर. दुपारी बेसिल स्वतःचं काम टाकून शेजारी येऊन बसला. आपल्या मिरवणुकीने काय केलं ते त्याला कळलं होतं. एवढा दांडगा माणूस, खिडकीतून बाहेर बघत नाक ओढत राहिला. शेवटी दिनानाथनेच त्याला चिमटा काढला. “बँड मात्र बेस्ट होता रे. माझ्या लग्नात एवढा चांगला नव्हता.”

घरी डबे परत येत होते. काही भरलेले, न उघडलेले. एका म्हाताऱ्याने सांगून पाठवलं, मुलाकडे जातोय, महिनाभर नको. एक बाई स्वतः आल्या, खालीच उभ्या राहिल्या, म्हणाल्या, “संपदाताई, तुमच्या हाताला चव आहे हो, पण घरचे ऐकत नाहीत.” एकाने डबा पाठवलाच नाही, नाक्यावरच्या कचऱ्यात टाकला. संपदाने तो बाजारातून येताना बघितला, झाकणावर तिनेच रंगाने फूल काढलं होतं. उचलून आणला, घासला, फडताळात ठेवला.

शकू एकदा जिन्यापर्यंत आली. दोन वर्षं रोज सकाळी या घरात बसून पोळ्या लाटणारी बाई.

“वहिनी, माझं लाटणं राहिलंय ना तुमच्याकडे…”

“थांब, देते.”

“नको नको,” शकू दोन पायऱ्या मागे सरली. “राहू दे तुम्हालाच. तेच सांगायला आले होते.”

आणि मग पाण्याचं झालं. बिल्डिंगखाली टाकी होती, रविवारी हंडे भरून झाले की टँकर तिच्यात रिकामा व्हायचा, मग आठवडाभर जो तो हंडा बुडवून पाणी काढायचा. गुरुवारी टाकीच्या लोखंडी झाकणाला कुलूप दिसलं. किल्ली रेडकरांकडे. प्रत्येकाने त्यांच्याकडून मागून न्यायची. संपदा मागायला गेली तर रेडकरांच्या बायकोने जाळीच्या दारातूनच सांगितलं, “तुमचं वेगळं बघा हो काहीतरी. लहान मुलं आहेत बिल्डिंगमध्ये.”

व्हिन्सेंट सर बोलायला गेले. म्हणाले, पाण्यातून हा रोग पसरत नाही, त्या दिवशी पेपरातही होतं.

“सर,” रेडकर म्हणाले, “तुमच्या दोन मुली तेच पाणी पितात ना? लिहून देता मला?”

सर लिहून द्यायला तयार झाले नाहीत. गणिताचा माणूस, पण तिथे त्यांचं गणित चुकलं.

आणि जो तो एकच विचारत होता, जिन्यात, दुकानात, दूधवाल्यापाशी. ‘पण याला झालं कुठून?’ जे हायकोर्टाला विचारावंसं वाटलं नाही, ते फुलपाड्याला पहिलं विचारायचं होतं. दिनानाथ पोलीस चौकीत गेला तर हवालदारानेही तक्रार लिहायच्या आधी तेच विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधी खुर्ची मागे सरकवली.

त्याने नाक्यावरच्या पीसीओवरून वकीलबाईंना फोन लावला.

“करता येईल,” त्या म्हणाल्या. “सोसायटीविरुद्ध अर्ज टाकू. पाणी तोडता येत नाही कुणाचं. आपण जिंकू, दिनानाथ.”

“किती दिवसांत, बाई?”

खोटं बोलणारी बाई नव्हती ती. “तातडीचं म्हणून मागू. तरी कागद तयार करायचे, सोसायटीला नोटीस जायची…”

“आणि नाव?”

“नाव आता काय लपवायचं?” त्या म्हणाल्या. “माझ्या हातात होतं तेवढं मी…”

“तुमच्याकडून काहीच राहिलं नाही, बाई,” दिनानाथ म्हणाला, आणि ते खरं होतं. “कोर्टाने तर बघा, मला न बघता माझं ऐकलं. इथे रोज बघणाऱ्यांना ऐकू येत नाही.”

शनिवारी संपदा डोंगराखालच्या विहिरीवरून कळशी आणत होती. जिन्यात तिचा पाय मुरगळला, पाणी सांडलं. दारं उघडली गेली, काय पडलं ते बघायला, आणि पुन्हा लागली. जिना पुसायला मात्र रेडकरांची बायको फिनेल घेऊन आली. दिनानाथने वरून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरची सगळी मस्करी उतरली होती. मग हळूहळू ती परत आली, पण वेगळीच, दात दिसणारी.

रविवारी सकाळी हंडे-बादल्यांची रांग लागली. दिनानाथ मोकळ्या हाताने खाली आला आणि आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसला. शेजारचे उठले. त्यामुळे ऐसपैस जागा झाली.

“रेडकर,” तो म्हणाला. “पैज.”

कुणी हसलं नाही. रेडकरांनी किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“कसली पैज? आता हे मस्करीचं राहिलंय का?”

“तो इसम आपल्या बिल्डिंगमधला निघाला. मी सांगितलं होतं, कोण तेसुद्धा सांगितलं होतं. गाऊन, ओढणी, प्रत्येक घरी हंडा. सर साक्षीदार आहेत.”

व्हिन्सेंट सरांनी मान हलवली, म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

“तू फसवलंस,” रेडकर म्हणाले. “तुला माहीत होतं.”

“मी ओरडून सांगितलं, ‘मीच!’ हसलात तुम्ही. अशी फसवणूक जगात कुणी केली असेल तर दाखवा.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

पण रेडकर हेडक्लार्क, वाट काढली त्यांनी. “हे बघ. मी म्हटलं होतं आपल्या बिल्डिंगमधला. आता तू बिल्डिंगमधला राहिलायस कुठे? पाणी वेगळं, सगळं वेगळं. लोकांचं म्हणणं आहे तू खोली सोडावीस. तेव्हा पैज मी हरलोच नाही.”

दिनानाथ याचीच वाट बघत होता. रात्रभर अंथरुणात त्याने हेच घोटलं होतं, दोन्ही बाजूंचा वकील होऊन.

“वा! मग सगळ्यांसमोर सांगा, दिनानाथ चुरी या बिल्डिंगमधला नाही. पैज तुम्ही जिंकलात. आत्ता वर जातो, संपदाची नऊवारी नेसून येतो. आणि बिल्डिंगमधला नसलेला हा माणूस तुमच्या प्रत्येकाच्या घरात शिरून मोरीत पाणी ओतेल. डोक्यावरून. स्वतःच्या हाताने. पैज म्हणजे पैज. आधी कुणाकडे येऊ? शकू, तुझ्याकडे येऊ?”

शकू दचकून मागे सरली. सगळी रांगच मागे सरली.

“नाहीतर म्हणा, की मी बिल्डिंगमधला आहे. मग तुम्ही भरा पाणी. सगळ्या घरात. बोला, सेक्रेटरी. टँकर यायची वेळ झाली.”

लोक रेडकरांकडे बघायला लागले. ज्यांनी कुलपाला माना डोलावल्या होत्या, तेच आता म्हणायला लागले, “रेडकर, फेडून टाका ना. याला घरात कुठे घेता?” वरच्या गॅलरीतून एक म्हातारी ओरडली, “अरे, तो येण्यापेक्षा तूच ये बाबा!” न्याय असा झाला. दिनानाथला आत येऊ द्यायचं नाही म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला बिल्डिंगमधला ठरवला.

“आहे,” रेडकर म्हणाले.

“काय आहे? मोठ्याने. मागच्यांना ऐकू जाऊ दे.”

“बिल्डिंगमधला आहे!”

टँकर आला. रेडकर वर गेले आणि गाऊन घालून खाली आले. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, पोटावर ताणलेला, आत शर्ट इन केलेलाच, खालून पँट दिसत होती. ओढणी होती. एरवी अख्खी गल्ली हसून लोळली असती. पोरांनी शिट्ट्या मारायला तोंड उघडलं, आयांनी ती दाबली. डोक्यावर हंडा घेऊन रेडकर एकेक घर करत गेले, धापा टाकत, पाणी मानेवरून ओघळत, आणि लोक दारात उभे राहून कडेला होत गेले. हसणारा दिनानाथ एकटाच. तो त्यांच्या मागून एकेक जिना चढत होता आणि टाळ्या वाजवत होता, देवळात आरतीला वाजवतात तशा.

दिनानाथचं घर रेडकरांनी शेवटी ठेवलं. दारात संपदा उभी होती, पायाला फडकं बांधलेलं. तिने आपला रिकामा हंडा पुढे केला. रेडकर उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. डोक्यावरचा हंडा काढला आणि हात लांब करून वरूनच ओतायला लागले, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. निम्मं पाणी उंबऱ्यावर पडलं, तिच्या पायावर पडलं.

“मोरीपर्यंत, रेडकर,” दिनानाथ म्हणाला. आता तोही हसत नव्हता.

जिना माणसांनी भरला होता. रेडकरांनी खाली बघितलं, वर बघितलं. मग श्वास रोखला, पाण्यात बुडी मारताना रोखतात तसा, आणि आत गेले. उरलेलं पाणी मोरीत ओतल्याचा आवाज आला. श्वास तसाच धरून बाहेर आले आणि जिन्यात येऊन सोडला.

“फिटली?”

“फिटली,” व्हिन्सेंट सर म्हणाले. मग घसा साफ करून, “रेडकर, मग आता ते टाकीचं कुलूप…”

“पैजेत कुलूप नव्हतं, सर.”

सर एक पायरी खाली उतरले. रेडकर तिथेच जिन्यात गाऊन काढायला लागले, डोक्यात अडकला, दोन्ही हात वर तसेच राहिले. वरच्या मजल्यावरून त्यांच्या बायकोचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“अहो, तो गाऊन आता घरात आणू नका हं.”

रेडकरांनी तो कठड्यावर टाकला. मग टँकरवाल्याने खालून हॉर्न दिला, बाकीच्यांचे हंडे भरायचे होते, आणि लोक दिनानाथच्या दारावरून भिंतीला चिकटून, एकेक करून, खाली उतरायला लागले.